मांडावर चौघी

मेस्त्र एलुतेरिओनं पिशवीतून तबकडी काढली
मांजराचं पिल्लू काढावं तशी, मानेला धरून.
बुरशी होती. मी पुसली, प्लेअरला नवा पट्टा घातला,
सुई टेकवली.
कुडचड्यात खनिजाचा ट्रक गेला की माझ्या फळीवरचे स्क्रू चालायला लागतात,
म्हणून आधी ट्रक जाऊ दिला.

कव्हरवर शेतात उभी माणसं, परक्या देशातली,
आणि कोटातला एक गृहस्थ, मेणाच्या नळकांड्याचं यंत्र घेऊन.
"खेड्यांत हिंडून म्हाताऱ्यांना गायला लावायचा," मेस्त्र म्हणाला,
"आणि घरी येऊन हे लिहायचा.
चाळीस वर्षं मी इगर्जीच्या पोरांना ज्या सुरांसाठी छडी दिली
ते सगळे ह्यानं एका पानावर गोळा केलेत."

दोन व्हायोलिनं दोन वाटांनी आली.
वियोला मधेच घुटमळली.
चेल्लोची तार ओढून सोडली, ती लाकडावर आपटली: फट्!
मी स्पीकरची वायर चाचपली.
"बिघाड नाही रे. लिहिलंय तसं."

सोमती वेळीप मिक्सर न्यायला आली होती, कावऱ्याहून.
भांडं पोटाशी धरून दारातच थांबली.
"ह्या चौघी कुठल्या?"
"बायका नव्हेत, वाद्यं."
"असूं दे. दोघी ह्या अंगाला, दोघी त्या.
आमच्या धालोत अशाच ओळी. ह्यांनी सोडलं की त्यांनी उचलायचं."
"आणि ही मधली?" मेस्त्रानं विचारलं. "उशिरा उचलते ती?"
"तिची सासू समोरच्या ओळीत असणार."

मेस्त्र हसला नाही.
माझं पावतीपुस्तक ओढलं, तिची पावती उलटी केली,
पेन्सिलीनं पाच रेघा मारल्या.
"म्हण बघू एक."

सोमतीनं त्या रेघांकडे पाहिलं,
सुंभावर कुणाचे कपडे वाळत घालायचेत, असं.
"मांडाबाहेर म्हणत नाही.
पौषात ये. पुरुषांना आत जागा नाही, बांधावर बस.
चपला काढून."

एकशेऐंशी रुपये मोजून ती गेली.
पावती घ्यायची राहिली.
ट्रक गेला. सुई घसरली,
मधली पुन्हा तिथंच घुटमळली, पुन्हा तिथंच,
आणि मेस्त्रानं हात धरला माझा, उचलू देईना.

नंतर बाजू संपली. नुसती खरखर.
भिंतीवर बँकेचं कॅलेंडर, त्यात सगळे इंग्रजी महिने.
त्याकडे बघत मेस्त्र म्हणाला,
"पौष कधी लागतो रे?"