ओलीभोवती पेन्सिल

ही घे चावी, सुरुची. मोठी वरच्या खोल्यांची.
लहानी गच्चीच्या दाराची; ती फिरवताना
दार जरा आपल्याकडे ओढ, नाहीतर अर्ध्यात अडते.
तीन भाडेकरूंना हे सांगायचंच राहून गेलं माझ्याकडून.

मानेवाड्यात घर भाड्यानं द्यायचं म्हणजे
पहिले कूलरचं अर्थिंग पाहायचं.
रंग नंतर, नळाची चकाकी नंतर.
एप्रिलात कोणी ओल्या हातानं टाकीला हात लावेल,
तेव्हा त्या तारेच्या टोकाशी तू असशील.
टेस्टर स्वतः धर. "पाहून घेतलं जी" म्हणणाऱ्यावर
माझा विश्वास आहे. टेस्टरवर थोडा जास्त.

धकाते मिस्त्री माणूस चांगला.
फक्त अ‍ॅडव्हान्स हातात पडला
की त्याच्या साळ्याचं लग्न निघते.
चार वर्षांत एकाच साळ्याचं तीनदा निघालं, बाप्पा.
म्हणून माल तू आण, गांधीबागेतून, बिल तुझ्या नावावर.
मजुरी रोजची रोज. आणि शेवटचे दोन हजार
गच्चीवर बादलीभर पाणी ओतून,
ते जाळीकडे स्वतःहून चालत गेलं की मगच.
उताराबद्दल माणसं बोलतात.
पाणी बोलत नाही, जाते.

गच्चीचं काम मे महिन्यात काढशील तर
पहाटे पाचला उठून पोती भिजव.
इथल्या उन्हात सिमेंट सुकते, धरत नाही.
धकाते म्हणेल, "एवढं काय लागते ताई, कडक झालं नं."
कडक होणं आणि पक्कं होणं
यातला फरक मला साठीनंतर कळला.

उईके सिस्टर आठवते तुला?
मेडिकलला ड्युटी, बहुतेक रात्रीची.
नोव्हेंबरात म्हणाली, काका, कपाटामागं ओल येऊन राहिली.
मी म्हणालो, पाहतो.
जानेवारीत म्हणालो, धकातेला सांगून ठेवलं.
सांगितलं नव्हतं.
मार्चात तो आला, ओलीवर पुट्टी फासली, वर रंग.
आठ दिवस भिंत गप्प बसली.
भाडं मात्र दर पाच तारखेला,
मी न मागता.

ती गेली त्या दिवशी कपाट सरकवलं.
ओलीच्या कडेकडेनं पेन्सिलीची रेघ,
शेजारी तारीख: ११ नोव्हेंबर.
तिच्या बाहेर दुसरी, २ डिसेंबर. तिच्या बाहेर तिसरी.
मार्चातल्या रंगावर पुन्हा पहिल्यापासून.
भूगोलाच्या नकाशात डोंगराभोवती असतात तशा रेघा.
अक्षर केसपेपरवरचं, बारीक, सरळ.
शिवी नाही. तक्रारही नाही. नुसत्या तारखा.

खिळ्यांच्या भोकांसाठी पाचशे कापून ठेवले होते मी
डिपॉझिटातून. पाकीट उघडून परत घातले.
तेवढंच जमलं.
ती जिन्यातून गादी उतरवत होती,
मी वरून विचारलं, "गॅसची नळी घेतली नं?"
खरं म्हणजे दुसरंच काही विचारायचं होतं.

नंतर भिंत फोडली. न्हाणीच्या नळाचा एल्बो,
साठ रुपयांचा.

तेव्हा, आधी पाणी शोध, पुट्टी मग.
भाडेकरूनं काही सांगितलं तर वहीत तारीख टाक,
त्याच्यासमोर, म्हणजे त्याला भिंतीवर टाकावी लागणार नाही.
वर जायच्या आधी फोन कर.
घर आपलं असलं तरी आतली दुपार त्यांची असते;
रात्रपाळीवाल्यांची तर तीच रात्र.
आणि करारनामा, पोलीस स्टेशनची नोंद,
ते सगळं फायलीत आहे, निळ्या.

एल्बो बदलल्यावर प्लास्टर केलं ते तेवढ्याच वितभर जागेत.
बाकीच्या रेघा तशाच आहेत, मी रंगवल्या नाही.
जूनमध्ये इंजिनिअरिंगचे पोट्टे येतील, विचारतील हे काय.
सांगायचं की नाही ते तुझं तू पाह्य.
फक्त कपाट त्या भिंतीला लावू देऊ नको.