स्वल्प

तो मत्ती म्हणतो, मी ऐन.
फळी एकच. लोंढ्याच्या डेपोतून लिलावात आलेली,
कडेला वनखात्याच्या घणाचा शिक्का,
रंध्याला दाद न देणारी.
नस मधेच वळते, परत फिरते,
मलप्रभा कणकुंबीहून उतरताना वळते तशी.

खानापुरात, नंदगडच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये
मौनेश बडिगेर नावाला जागतो, बोलत नाही.
बुचाच्या ठोकळ्याला ऐंशी नंबरचा पेपर गुंडाळून
माझ्या हातात देतो.
"नशीबरोबर जा रवळू. आडवा गेलास तर बघ."

ऐंशीनं करवतीचे दात जातात.
एकशेवीसनं ऐंशीचे ओरखडे.
एकशेऐंशीनं एकशेवीसचे.
म्हणजे जो येतो तो आधीच्याच्या खुणा पुसतो
आणि स्वतःच्या ठेवून जातो,
फक्त बारीक.

झालं काय, मी विचारतो.
तो डोळे मिटून तळवा फिरवतो.
"इन्नू स्वल्प."
मराठी शाळेत मला स्वल्पविराम शिकवला होता.
इथं नुसता स्वल्प आहे,
विराम नाही.

गुरुवारी संध्याकाळी लाईट गेली.
एक कोपरा राहिला होता, आणि शेवटची बस साडेसातला.
मी एकशेवीस गाळला.
ऐंशीवरून थेट एकशेऐंशी.
हाताला कळलं नाही. गाल टेकून बघितलं,
गालालाही नाही.

सकाळी अक्रोडी स्टेनमध्ये चिंधी बुडवली.
फळी पहिल्यांदा पाणी प्याल्यासारखी गडद झाली,
आत लपलेले पट्टे उमटले, मी हसलोसुद्धा,
आणि मग त्या कोपऱ्यात
एकेक ओरखडा काळा होऊन वर आला,
रात्रभर मांजरानं दार खरवडावं तसा.

मौनेशनं बॅटरी आडवी ठेवली फळीवर.
उजेड लाकडाला घासत गेला,
प्रत्येक चरीत सावली भरली.
"रंग चुगली करतो," म्हणाला.
"वर क्लिअर मारलास की ती चुगली
काचेत बसते. कायमची."
एवढं लांब वाक्य मी त्याचं आधी ऐकलं नव्हतं.

नुसता कोपरा घासून चालत नाही, ठिगळ दिसतं.
अख्खी फळी परत. ऐंशी.
मग ओलं फडकं, म्हणजे दबलेली कुसळं उठतात,
ती वाळवायची, मग परत.
तीन दिवस माझी शिंकही तपकिरी होती.
आई म्हणाली, तुझ्या उशीला लाकडाचा वास येतोय.

टिळकवाडीच्या डॉक्टरीणबाई आल्या,
टेबलावरून पालथा हात फिरवला, "किती मऊ!"
त्यांना कोपरा कुठला ते कळलं नाही.
मला अजून कळतो.

टेम्पोत चढवताना टेबल उलटं केलं.
खालची बाजू ऐंशीलाच सोडलेली, बिनरंगाची.
तिथं पेन्सिलीनं मापं,
त्याचे आकडे कन्नड, माझे आपले,
आणि बेरीज अर्ध्या इंचानं जुळत नव्हती.

मी खिशात पेपर चाचपायला लागलो.
मौनेशनं दोरी ओढून गाठ मारली.
"साकु," म्हणाला, "राहू दे की ते."