वाळू विंचरताना

मागे सरत ये, मावशी म्हणते.
पाऊल उचललं की त्याच्यावरून लगेच दाताळं फिरव.
इथे पावलांनी यायचं,
जायचं पावलांवाचून.

ऑस्ट्रामावशीचं दाताळं लाकडाचं,
सातातले दोन दात पडलेले.
"माझ्यापेक्षा बरं आहे त्याचं," म्हणते
आणि हसताना तोंडावर हात धरत नाही.

जुलैचा शेवटचा रविवार.
पाइनच्या सावलीत सगळं गाव थडग्यांची वाळू विंचरतंय,
शाळेतल्या फोटोआधी पोरांचे भांग पाडावेत तसं.
त्सीरुलिसांच्या वाळूत लाटा.
ग्राउडिन्शांकडे सरळ रेघा, नांगरटीसारख्या,
मेल्यावरही बांध सोडायचा नाही.
आमच्याकडे फरची डहाळी:
मधे एक कणा, दोन्ही अंगांना तिरके काटे.

ती लाइमाची खूण.
बाळंतिणीच्या न्हाणीघरात येऊन
जी लिहायचं ते लिहून जाते, ती.
तिचं नाव आज कुणी घेत नाही,
कारण पास्टर आलेत.

पास्टर ग्रिन्फेल्ड्सना आज चार दफनभूम्या,
आमची तिसरी.
गाडीचं दार अजून पुरतं लागलेलं नाही
तोवर पुनरुत्थानापर्यंत पोचलेसुद्धा.
अग्निशमन दलाचे दोन ट्रम्पेट, एक ट्यूबा.
ट्यूबावाल्याचा बाप दुसऱ्या ओळीत आहे,
म्हणून तिसऱ्या कडव्याला तो दरवर्षी मागे पडतो
आणि सगळे त्याच्यासाठी थांबतात.

आमच्या डहाळीपाशी येताच
पास्टरनी झगा किंचित उचलला
आणि मोठी ढांग टाकून पलीकडे गेले.
एक काटा मोडला नाही.
मावशीने माझ्याकडे पाहिलं.
मी काही पाहिलं नव्हतं.

आईची वाळू झाली. आजीची झाली.
सर्वांत शेवटी आजोबांची जागा.

तिथे आजोबा नाहीत.
एकोणपन्नासच्या मार्चमध्ये चौघं गेली मालगाडीतून,
मावशी सहा वर्षांची, आई दोन.
परतली तिघं.
ओम्स्कपलीकडे कुठे, ते आजीला दाखवता आलं असतं,
पण नकाशावर नाही, फक्त हाताने:
असं वळायचं, मग बर्च, मग असं.
इथे पुरली आहे त्यांची टोपी
आणि वस्तरा परजायचा पट्टा.

दाताळं मावशीने माझ्या हाती दिलं. पहिल्यांदाच.
कमरेतून वाकवत नाही आता.
मी अकरा वर्षं आयर्लंडात अळिंबी खुडते,
बिनखिडकीच्या शेडमध्ये, रात्रपाळीला.
हाताला दुसरीच सवय लागलेली.
पहिली डहाळी वाकडी आली.
पुसली. दुसरी बरी.
मग मागे मागे सरत, माझीच पावलं खात,
कडेपर्यंत आले

तर ती म्हणाली, थांब.
ही पट्टी सोड.
फाटकाकडून इथवर, एका माणसापुरती.
नेहमी सोडते मी.

का?

"तो लाजरा होता.
एवढं नीटनेटकं बघून
मोडायला नको म्हणून परत जाईल."

मग तिने पिशवीतून राईची भाकरी काढली,
शहाजिऱ्याच्या चीजचा तुकडा,
दोन्ही फरच्या बुंध्यामागे ठेवलं.
पास्टर पाणी पीत होते, जवळच.
"पाखरांसाठी," ती मोठ्याने म्हणाली.
"पाखरांना मीठ जरा जास्त लागतं," ते म्हणाले
आणि चौथ्या दफनभूमीकडे निघून गेले.

मंगळवारी रीगाच्या विमानतळावर
बूट काढून ट्रेमध्ये ठेवले.
त्यातून वाळू सांडली. पांढरी, बारीक,
चमचाभर असेल.
तपासणीवरच्या पोराने ट्रे उचलला,
वाळूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
मला वाटलं, आता विचारणार, हे काय?

"कुठल्या गावची?" त्याने विचारलं.
मी सांगितलं.
"आमची पुढच्या रविवारी," तो म्हणाला,
"पण माझी ड्यूटी आहे."
आणि मागे रांग खोळंबलेली असताना
ट्रे तिरका करून
ती वाळू त्याने परत माझ्या बुटात ओतली.