हातचा एक

शाळेच्या बास्केटबॉल कोर्टावर सध्या कमांड पोस्ट.
रिंगखाली तटरक्षक दल,
मधल्या वर्तुळात अलास्का राज्याचा पर्यावरण विभाग,
बाकांवर तेल कंपनीची माणसं, घडी न मोडलेल्या जॅकेटांत,
आणि दाराशी, हीटरजवळ, गावची आदिवासी परिषद,
म्हणजे फियोडोसिया आणि तिचा थर्मास.

माझं काम ताळा जुळवण्याचं.
रात्री अकराला तिघांचे आकडे येतात,
सकाळी सहाला फळ्यावर एकच हवा.

आजचे मेलेले पक्षी: एकेचाळीस, अडतीस, तेहतीस.

चाळत बसले.
उत्तरेची खाडी, दुपारी दोन-दहा,
एक मर (पक्ष्याचं नावच तसं), डावा पंख मोडलेला.
तोच दोन-पंचविसाला, पिवळ्या फॉर्मवर.
तोच पुन्हा कंपनीच्या पावतीवर:
'बदक, बहुधा'.

दोन मरणं खोडली.
खोडताना उगाच बरं वाटलं,
जणू दोघं उडून गेले.

कॉफी ओतता ओतता फियोडोसिया म्हणाली,
आमच्या निकिफोरला सापडलेला धरलास का?
कुठल्या फॉर्मवर आहे?
फॉर्म कसला. टॉवेलात गुंडाळून
पायरीखाली पुरला पोरानं.

म्हणजे सही नाही, अक्षांश नाही,
दाखवायला पक्षीही नाही.
बाहेर भरती चढत होती,
ती कुठल्याच खात्याकडे नव्हती.

सहाला मी लिहिलं सत्तेचाळीस.
कमांडरनं कागद उलटेपालटे केले.
इथे तर सेहेचाळीसच. हा कुठून आला?

म्हटलं, हातचा.