आदमच्या पुढे

आदम मागे पडलं
आणि रस्त्यानं वळायचं सोडून दिलं.

मामंजी शेजारच्या सीटवर, मांडीवर हातरुमाल,
उजवा पाय पायपुसण्यावर घट्ट रोवलेला.
तिथं ब्रेक नाही.
तरी ते दाबतात,
दर ट्रकला, उंटाचं चित्र असलेल्या दर पाटीला,
आणि एकशे वीसला गाडी टिणटिणली
की दोन्ही पायांनी.

बार्शी डेपोत एकतीस वर्षं.
बिनअपघाताचा बिल्ला ते मस्कतलाही घेऊन आलेत,
कुणी विचारलं तर जवळ असावा म्हणून.
कुणी विचारलेलं नाही.
त्यांचं लायसन इथं चालत नाही,
माझं चालतं,
सहाव्या खेपेला मिळालेलं.
आधीच्या पाच खेपांना ड्रमांमधून उलटं येताना
शेवटचा ड्रम मी पाडलाच.
हे त्यांना कुणी सांगितलं, माहीत नाही.
महारुद्रनंच सांगितलं असणार.
तो मागे झोपलाय, नाईट करून आलेला, तोंड उघडं,
त्याच्या दंडावर केतकी,
आणि केतकीच्या मांडीवर धपाट्यांचा डबा
तिच्यापेक्षा जागा.

'हितं गाव कुठलं?'
नाही, मामंजी.
'मग थांबा कुठं?'
हैमाला. अजून दोनशे असेल.
बराच वेळ ते बाहेर बघत राहिले.
बाहेर काहीच नव्हतं, तेही नीट दिसत नव्हतं.
'मग येवढा चांगला रस्ता
केला कुणासाठी?'

उजाडायच्या बेताला
वाळवंटानं तोंडावरून पांघरूण ओढून घेतलं.
धुकं.
जिथं पावसाची आठवण काढायची तर
जुन्या माणसाला विचारावं लागतं,
तिथं काचेवर थेंब,
थेंबाला थेंब चिकटून ओघळ.
वायपर चालू केला तर वर्षभराची धूळ
चिखल होऊन इकडून तिकडं.
आधी रस्ता गेला.
मग बॉनेट गेलं.
मी म्हटलं, थांबते.

'थांबू नगंस. मागचा यिऊन बसंल.'
त्यांनी खिडकीची काच उतरवली,
डोकं बाहेर काढलं.
कडेची पिवळी रेघ त्यांच्या बाजूला होती.
'समूर बघूच नगंस.
समूर काय नाही.
मी रेघ सांगतो, तू हात हालका ठेव.'

'हां.
येऊ दे.
येऊ दे.
जरा डावीकडं. बास.
येऊ दे.'

चौदा किलोमीटर.
एवढं मला त्यांनी लग्नापासून
कधी बोलून दाखवलं नव्हतं.
त्यांचा उजवा पाय तेव्हा कुठं होता
ते बघायला मला सवड नव्हती.

धुकं सरलं ते हळूहळू नाही,
दार उघडावं तसं.
हैमाच्या पंपावर एक पिकअप उभी,
मागे गुडघे बांधून बसवलेली उंटीण,
आणि तिच्या पाठीवरचं दव तळव्यानं निपटणारा
मुसल्लम नावाचा म्हातारा.
त्यानं मामंजींचे भिजलेले केस बघितले,
खिडकी बघितली,
आणि काय समजायचं ते समजून
थर्मासमधली कॉफी ओतून दिली.
यांनी धपाटं दिलं.
त्याला चटणी तिखट लागली.
त्याची कॉफी कडू, हे यांनी
सलालापर्यंत तीनदा सांगितलं.

जानेवारीत ते परत गेले.
परवा टायरची पावती शोधताना
डॅशबोर्डच्या खणात
पेट्रोलच्या बिलामागे त्यांचं अक्षर सापडलं,
पट्टीनं आखलेले रकाने:

रुवी सुटली २.४०
आदम ५.०५
हैमा ७.५०, दहा मि. उशीर, धुके
चालक: कांचनमाला म. लोंढे
शेरा: नाही