आत घेतलेला होकार

दर मंगळवारी सकाळी नऊला
ताइस्तो माझ्यासाठी मरणाला टेकतो.
तासाला अठरा युरो, वर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव.
पस्तीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक चालवला त्याने
कुह्मोच्या जंगलातून;
आता कायानीत, आमच्या नर्सिंग शाळेच्या
चार नंबरच्या खोलीत तो पडून असतो.
स्वादुपिंडाचा कर्करोग, शेवटचा टप्पा,
संवाद मी लिहून दिलेले.

विद्यार्थिनी एकेक करून आत येतात.
"तुम्हाला काय वाटत असेल, ते मी समजू शकते."
या वाक्याला दोन गुण.
तेही मीच ठरवलेले.
वाक्य आलं दूरदेशीच्या प्रश्नावलीतून,
जिथे माणसं, म्हणे, लिफ्टमध्येसुद्धा बोलतात.
मी ते फिनिशमध्ये आणलं, तिघा जाणकारांना दाखवलं,
उलट भाषांतर करून पुन्हा ताडून पाहिलं.
थेंबभर सांडलं नव्हतं.

क्रमांक एकसष्ट: व्हिल्या.
रेनडिअर राखणाऱ्या घरातली, लाल कानांची पोर.
आली, बसली.
ताइस्तोने भीतीचं वाक्य टाकलं
आणि ती बोललीच नाही.
सात मिनिटांत अकरा शब्द,
त्यातले चार पाण्याच्या पेल्याविषयी.
समानुभूती, शाब्दिक: शून्य.
खाली माझी सही, वळणदार.

नोव्हेंबरात एका मंगळवारी ताइस्तो आला नाही.
फुप्फुस. तिसरा मजला, खिडकीकडची खाट.
या खेपेला संवाद कुणी लिहून दिले नव्हते.
मी पाव घेऊन गेले. त्याने तो हुंगला नि ठेवून दिला.

"रात्री ती होती," म्हणाला, "ती न बोलणारी.
मी म्हटलं, आज मंगळवार नाही ना गं?
म्हणाली, गुरुवार.
मग म्हटलं, भीती वाटते.
तर ती यो म्हणाली.
आतून."

आमच्याकडे होकार दोन तऱ्हांचा.
एक सगळे देतात, श्वास सोडताना.
दुसरा श्वास आत ओढताना, ओठांशी जेमतेम,
'यो',
समोरच्याचं बोलणं हवेसकट गिळल्यासारखा.
मयताला आलेल्या शेजारणी असा देतात,
आणि फोनवर माझी मावशी,
आणि मीही, असं नवरा म्हणतो. माझ्या कानावर तो कधी पडला नाही.

त्या रात्री मी एकसष्टची टेप लावली, आवाज पुरता मोठा करून.
टेप उतरवणाऱ्या मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं:
(श्वास). (श्वास). (खुर्ची सरकल्याचा आवाज).
(श्वास, अस्पष्ट).
माझ्या तक्त्यात कंसांना रकाना नव्हता.

शून्य मी खोडलं नाही.
नियम आहे, आणि एकदा खोडलं की
उरलेल्या एकशे सात जणींच्या कंसांचं काय?
नवा रकाना काढावा म्हटलं:
श्वास आत ओढला, एक गुण.
मग पुढच्या वर्षीच्या मुली दिसल्या डोळ्यांपुढे,
ताइस्तोच्या खाटेभोवती ओळीने उभ्या,
तळ्यातून काढलेल्या माशांसारख्या
तोंड उघडत, मिटत, गुण मिळवत.
हसू आलं. मग आलं नाही.

दुसऱ्या खेपेला त्याला विचारलं,
संवादांत काही बदलू का?
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"तुझा माणूस," म्हणाला, "फार बोलतो, सिनिक्का.
एवढा दम कुठून आणतो तो?"

पिशवीत संहिता होतीच.
चौथ्या पानावरच्या सहा ओळींवर तिथेच पेन्सिल फिरवली,
त्याने बोटाने दाखवल्या तशा,
मग आणखी दोन.
साडेतीनलाच खिडकीत अंधार झाला होता.
पाचवं पान उघडायच्या आधी त्याने हात वर केला, थांब म्हणून,
आणि मी खुर्ची
थोडी जवळ घेतली.