साडेतीननंतर

गुरुवारी आमच्याकडे पाणी नसायचं,
आणि तेव्हा एक्स्पायरीही गुरुवारीच असायची.
पिंप भरलेलं, बादल्या भरलेल्या,
आणि मी कर्वेनगरच्या मागच्या खोलीत
दार लोटून रिकामा होत.

शेजारच्या बाई विचारायच्या, हल्ली घरूनच का काम?
हो, घरूनच.
खोटं नव्हतं. फक्त 'काम' म्हणताना
जीभ जराशी अडखळायची.
सासऱ्यांना शेअर्स चालायचे, ऑप्शन्स नाही.
आईला सगळं एकच: मटका.
केतकीला मी आकडे सांगायचो,
हिरवे तेवढे.

त्या गुरुवारी दोन चाळीसला
मी स्टॉपलॉस काढला.
खाली सरकवला नाही, काढलाच.
ज्यांना कळतं त्यांना पुढचं सांगायला नको.
ज्यांना नाही, त्यांनी असं समजा,
की गच्चीचा कठडा माणूस आपल्याच हातांनी
उचलून बाजूला ठेवतो,
जरा वारा लागावा म्हणून.

साडेतीनला स्क्रीन थांबली.
मी हेल्मेट घालून निघालो,
राजाराम पुलापाशी आल्यावर कळलं
की गाडी घरीच आहे.

पुलाअलीकडच्या अमृततुल्यात
कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला,
"मार्केट मिटलंय. आता कितीही ओढा, बदलणार नाही."
मी बघत राहिलो.
"अंगठा," तो म्हणाला. "स्क्रीन खाली ओढताय मघापासून.
मीही ओढायचो."

निरगुडकर. सहकारी बँकेतून निवृत्त,
ग्रॅच्युइटी निफ्टीत घालवलेले.
शेजारी मार्केट यार्डातले ओसवाल, गुळाच्या पेढीवरचे,
आणि चांदीत ट्रेड करणाऱ्या हसीना बागवान,
ज्यांच्या पर्समध्ये कायम लवंगा.
या टेबलाचा नियम एकच: आकडा बोलायचा नाही.
कमावलेला नाही, गेलेला तर नाहीच.

कुणी विचारलं नाही, किती?
विचारलं, जेवलात का?
सकाळपासून नाही, हे मलाच तेव्हा समजलं.
ओसवालांनी खारीची बशी सरकवली.
हसीनाबाई म्हणाल्या, "घरी कुणाला माहितीय?"
मी खारीचे तुकडे करत बसलो.
"मग आज सांगा. आकड्यासकट.
आकडा तिचा आहे, आमचा नाही."

केतकी पिंपातून तांब्या भरत होती.
मी आकडा सांगितला.
तांब्या भरून वाहायला लागला
तरी तिचा हात तसाच पाण्यात.
मग म्हणाली, "वाटलंच होतं.
गुरुवारी तू पाणी असूनही आंघोळ करत नाहीस."
पुढचे अकरा दिवस ती
मिठाला मीठ आणि चावीला चावी, एवढंच बोलली.
बाराव्या दिवशी पासबुकं घेऊन समोर बसली.

आता एक्स्पायरी मंगळवारी गेलीय.
पाणी गुरुवारीच जातं.
मंगळवारी दोन चाळीसला निरगुडकरांचा फोन येतो,
"कठडा जागेवर आहे का?"
आहे, म्हणतो. बहुतेक वेळा असतो.
नसला तर तेही सांगतो, आणि ते फोन ठेवत नाहीत,
मी ऑर्डर टाकेपर्यंत
तिकडून नुसता पंख्याचा आवाज.

गेल्या आठवड्यात हसीनाबाई तीन दिवस आल्या नाहीत.
फोन बंद. चांदी पडलेली.
पत्ता कुणालाच ठाऊक नाही,
गंज पेठ, मासळी बाजाराच्या मागे, एवढंच.
ओसवालांची जुनी स्कूटर, माझ्यामागे निरगुडकर,
गल्लीगल्लीत लवंगांचं विचारत फिरावं तसे फिरलो.
एका पोराने जिना दाखवला.

दार अर्धंच उघडलं.
केस न विंचरलेले, उजव्या अंगठ्याला पट्टी,
कशाची, ते विचारलं नाही.
"आकडा विचारायचा नाही," त्या म्हणाल्या.

निरगुडकर धापा टाकत होते, जिना उंच होता.
ओसवालांनी पिशवीतून खारी काढली,
वाटेत सगळी चुरली होती.

"जेवलात का?" मी विचारलं.

त्यांनी दार
आणखी थोडंसं उघडलं.